खोर्लो म्हणजे चाक

माझं नाव खोर्लो. लामानं ठेवलेलं.
खोर्लो म्हणजे चाक.
बाप म्हणायचा, नावाला जाग.

म्हणून सोळाव्या वर्षी, उणे वीस अंशांत,
नमद्याच्या तंबूबाहेर बसवून
मोटारसायकलचं मागचं चाक त्यानं मला उतरवायला लावलं.
उतरव. लाव. पुन्हा उतरव.
आई आतून ओरडली, पोरीची बोटं गळतील.
तो म्हणाला, गोबीत खिळा काय ऋतू बघून येतो?
सातव्या खेपेला लिव्हर निसटला,
नखाखाली रक्त साकळलं.
आठव्या खेपेला नाही निसटला.

आता मी गुराढोरांची डॉक्टर.
सीटमागे डाव्या पिशवीत बर्फ आणि मेंढ्यांच्या लसी,
उजवीत माझं औषधपाणी:
दोन लिव्हर, हातपंप, सतराचा पाना, घासकागद,
जुन्या ट्यूबची कापलेली ठिगळं, सोल्यूशन,
आणि एक लोखंडी चमचा.
लिव्हर हरवतात, बाप सांगायचा,
चमचा हरवत नाही.

चार वर्षं काही झालं नाही.
पिशवी नुसती हिंडली माझ्याबरोबर
भर उन्हात नेलेल्या छत्रीसारखी.

मग या मे महिन्यात, मंदलगोवी मागे टाकून
सत्तर किलोमीटरवर
मागचं चाक आधी लाडात आल्यासारखं डोललं
आणि बसलं.
उंटाच्या हाडाची कपची. करंगळीएवढी.

घाबरले नाही. खरं तर थोडी खूशच झाले.
टोपी उलटी ठेवून नट तिच्यात टाकले
(वाळूत पडलेला नट वाळूचाच).
बुडवायला पाणी कुठलं,
ओठ ओले करून ट्यूबवर फिरवले.
एका जागी कुणीतरी हळूच फुंकर घातली.
घासलं, पुसलं, ठिगळ निवडलं,
सोल्यूशन दाबलं.

काही नाही.
आत एक पिवळं, वाळकं शेपूट.
गेल्या हिवाळ्यात शेजारच्या पोराच्या बुटाला
थेंबभर दिलं होतं.
टोपण मीच लावलं होतं.

बापाच्या नावानं एक शिवी हासडली.
तो जाऊन वर्ष झालं,
तेव्हा तीही मलाच ऐकावी लागली.
डाव्या पिशवीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

मग गवत उपटलं, गेल्या वर्षीचं, कोरडं.
काटेझुडपांना अडकलेली उंटांची लोकर वेचली,
टायरच्या पोटात कोंबली,
चमच्यानं ठासली,
गादी भरतात तशी, कोपरे सोडून न देता.
तरी काठ रिमवर ठरेना.
तेव्हा कमरेचा पट्टा सोडला,
दहा हात केशरी रेशीम,
आणि आऱ्यांमधून ओवत चाकाभोवती गुंडाळला.

तासाला दहा किलोमीटर.
अंगरखा वाऱ्यानं फुगलेला,
चाक नवरदेवासारखं.

शगदर म्हातारा उंटांमध्ये उभा होता.
लांबून बघत राहिला, जवळ आले तरी बघत राहिला.
आमच्या भाषेत बाईला म्हणतात बुसगुई,
जिच्या कमरेला पट्टा नाही ती.
म्हातारा चाकाकडे बघून म्हणाला,
शाळेत शिकलेली एवढी बाई,
पण शब्दाचा अर्थ आज कळला तुला.
मी एका हातानं अंगरखा धरून हसले,
मग दोन्ही हातांनी.

त्याच्या नातवाकडे सोल्यूशन होतं.
टोपण इतकं घट्ट, की दातांनी उघडावं लागलं.

दोनशे अकरा मेंढ्या टोचल्या
कमरेला उंटाची दोरी बांधून.
लसी अजून गार होत्या, हाताला लावून बघितलं प्रत्येक वेळी.

निघताना उजवी पिशवी मोजली.
लिव्हर दोन, पंप, पाना,
नव्या सोल्यूशनची उधार ट्यूब.
पट्टा काळा पडलेला, जागोजागी फाटलेला,
तो वेगळा ठेवला.

चमचा नव्हता.
शगदरच्या बायकोनं चहाच्या भांड्यात बुडवून ठेवला होता.
मागितला, तर म्हणाली,
राहू दे इथेच.
परत येशील तेव्हा ने.